‘सविशेष’ कर्ण आणि त्याचा शेष

समचौरसाचा कर्ण काढण्याच्या शुल्बसूत्रोक्त रीतीविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बरेंचसें लिखाण दोहोंपैकीं एका टोकास जातें. एक पक्ष म्हणतो कीं, पायथागोरसाच्या नांवें चालणारा सिद्धांत बौधायनानें आधींच सिद्ध करून ठेविला होता. दुसरा म्हणतो कीं, सूत्रकार हे दोरी ताणणारे याज्ञिक, त्यांस गणितांतील सूक्ष्मता कोठून ठाऊक असणार! यांपैकीं पहिला पक्ष शाळेंत भूमिति शिकवितांना आम्हींही कित्येक वर्षें पत्करला होता. तो आमचा प्रमाद होता, हें आरंभींच नमूद करणें बरें.

बौधायन सांगतो तें इतकेंच कीं, समचतुरस्राच्या अक्ष्णया रज्जूवर, म्हणजे कर्णावर, जो चौरस होतो त्याचें क्षेत्र मूळच्या दुप्पट असतें. आणि दीर्घचतुरस्राच्या पार्श्वमानी व तिर्यङ्मानी पृथक् पृथक् जें क्षेत्र करितात, तितकें त्याचा कर्ण एकटा करितो. पुढें ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४, १२ व ३५, १५ व ३६ अशा जोड्या दिल्या आहेत. येथें विधान आहे, उदाहरणें आहेत, उपपत्ति नाहीं. सूत्रग्रंथांत ती शोधणें हाच मुळीं चुकीचा आग्रह होय. तेव्हां ‘सिद्ध केला’ हा शब्दप्रयोग सोडून द्यावा.

खरा विचार करण्याजोगा भाग याच्या पुढचा. कर्णाची लांबी संख्येनें सांगतांना बौधायन म्हणतो कीं, बाजूंत तिचा तृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चतुर्थांश मिळवावा, आणि या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा करावा. आपस्तंब व कात्यायन यांचेंही मान हेंच. बाजू १ धरिली तर कर्ण ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५७ येतो, वास्तविक मूल्य १.४१४२१३६ आहे. बौधायनाच्या परिमाणांत १ अंगुळ म्हणजे ३४ तीळ. म्हणून १२ अंगुळें बाजूच्या चौरसाचा कर्ण १७ अंगुळांस १ तीळ कमी, आणि १२० अंगुळांच्या पुरुषमात्र चौरसाचा कर्ण १७० अंगुळांस १० तीळ कमी, असा नेटका हिशेब बसतो. अंगुळाचे तीळ ३४ च कां, याचा उलगडा यांतच असल्याचें डॉ. थीबो यांनीं १८७५ सालच्या निबंधांत दाखविलें आहे.

ही संख्या आली कोठून? थीबो यांची उपपत्ति अंकांची आहे: १२ च्या वर्गाची दुप्पट २८८, आणि १७ चा वर्ग २८९, सबब १७ ला किंचित् कमी करावें. बिभूतिभूषण दत्त यांनीं १९३२ सालीं आकृतीची रीति मांडिली. दोन सारखे चौरस घ्यावे. दुसऱ्याच्या तीन पट्ट्या करून दोन पहिल्याच्या लगतच्या बाजूंस लावाव्या. तिसरीचे तीन लहान चौरस करून एक कोंपऱ्यांत बसवावा, व उरलेल्या दोहोंच्या चार चार पट्ट्या करून त्या पुन्हा दोन बाजूंस जोडाव्या. बाजू १७/१२ होते, मात्र कोंपऱ्यांत १/१२ बाजूचा चौरस रिता राहतो. तो भरण्यापुरतें क्षेत्र दोन बाजूंवरून कापून घ्यावयाचें तर पट्टीची रुंदी १/४०८ येते. सूत्रांतील तृतीयांश, चतुर्थांश व चौतिसावा हा क्रम या कापणीशीं पाऊल न चुकतां जुळतो. म्हणून आम्हांस दत्तांची रीति अधिक ग्राह्य वाटते. परंतु त्या दोन पट्ट्या कोंपऱ्यांत एकमेकींवर पडतात व तेवढा कण दोनदां मोजला जातो. ५७७ चा वर्ग ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. एक उरतोच.

हा एक उरतो हें सूत्रकारांस ठाऊक होतें काय? होतें असें म्हणणारे ‘सविशेष’ या संज्ञेवर भिस्त ठेवितात. आमच्या मतें त्या शब्दास एवढा भार पेलत नाहीं. बाजूहून कर्ण जितका अधिक, त्या आधिक्यास ‘विशेष’ म्हटलें असेल तर ‘सविशेष’ म्हणजे केवळ आधिक्यासह बाजू. स्थूलतेची कबुली त्यांतून निघत नाहीं. शेवटची वजाबाकीही १७/१२ हें मान अधिक होतें एवढेंच सांगते.

निःसंदिग्ध पुरावा मिळतो तो फार पुढें, आणि तोही सूत्रांत नव्हे, टीकेंत. कात्यायन शुल्बाचा टीकाकार, नैमिषारण्यवासी राम वाजपेयी (१५ वें शतक), या मानांतून शेवटच्या अंशाचा ३३ वा भाग आणखी वजा करून त्याच अंशाचा ३४ वा भाग मिळवावयास सांगतो. फल १.४१४२१३५० येतें, वास्तविक मूल्य १.४१४२१३५६. आतां, पुरुषमात्र चौरसांत मूळ मानाची चूक तिळाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. कोणत्याही वेदीस वा विटेस या शोधनाचा उपयोग नाहीं. तें करणाऱ्यास शेष दिसत होता, व तो दिसतो म्हणूनच त्यास स्वस्थ बसवलें नाहीं. दुसऱ्या पक्षास हें उत्तर पुरेसें आहे; मात्र रामाचें ज्ञान दोन सहस्र वर्षें मागें नेऊन बौधायनाच्या पदरीं बांधण्याचा अधिकार पहिल्या पक्षास यावरून मिळत नाहीं.

पोथ्या बाळगणाऱ्यांस एक विनंती. याद करितांना ‘शुल्ब, पानें अमुक’ एवढ्यावर थांबूं नये. टीका कोणाची, आकृति आहेत कीं त्यांच्या जागा कोऱ्या सोडिल्या आहेत, हें लिहावें. काव्याच्या पाठांत रुचीवर वाद चालतो, येथें पाठ गणितानें ठरवितां येतो. ‘वजा’ हा अर्थ लेखकूच्या हातून गळाला तर पुरुषमात्र चौरसाचा कर्ण वीस तिळांनीं वाढतो व चूक तत्काळ उघडी पडते. रामाच्या शोधनांत मात्र धोका निराळा आहे. तेथें ३३ व ३४ शेजारीं शेजारीं येतात. वर एकदां ३४ आलेलेच आहेत, असें पाहून एखाद्या शहाण्या लेखकानें ३३ चे ३४ केले, तर मिळविलेलें व वजा केलेलें समान होऊन सारें शोधनच नाहींसें होतें, आणि गणित करणारास मूळचीच संख्या परत मिळाल्यामुळें शंका देखील येत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं ही टीका असेल त्यांनीं प्रथम तो ३३ पाहावा.