संत्री मिळतील!

नातीने हट्ट धरला म्हणून 'इन्साइड आउट' हा २०१५ सालचा पिक्सारचा चित्रपट पाहिला. कार्टून म्हटल्यावर मी डुलकीच्या तयारीनेच बसलो होतो.

अकरा वर्षांची रायली मिनेसोटा सोडून आईवडिलांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला येते. गोष्ट एवढीच, बाकी सगळा कारभार तिच्या डोक्यात. तिथे आनंद, दुःख, भीती, राग, किळस अशी पाच माणसांची कचेरी. साहेबीण आनंदीबाई. हुकूम एकच, दुःखीने कशाला हात लावायचा नाही. बाहेर आईही तेच सांगते: बाबा काळजीत आहेत, तू हसरी राहा.

रायलीचा लहानपणचा काल्पनिक सवंगडी बिंग बाँग. अंग जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचं, रडला की डोळ्यांतून गोळ्या पडतात! त्याची गाडी खड्ड्यात फेकली जाते आणि तो मटकन बसतो. आनंदीबाई गुदगुल्या करतात, वेडावून दाखवतात. व्यर्थ! दुःखी नुसती शेजारी बसून ऐकून घेते. तो पोटभर रडतो आणि उठून चालू लागतो. दिग्दर्शकाचं नाव पीट डॉक्टर. नाडी बरोबर सापडलीय हो!

एवढं शिस्तीचं डोकं मात्र मी कुणाचं पाहिलेलं नाही. २०२४च्या दुसऱ्या भागात, रायली तेराची झाल्यावर चिंता येते. आमच्याकडे ती पाचवीलाच पुजलेली.

वडिलांची सांगलीहून नागपूरला बदली झाली तेव्हा मीही अकराचाच. मोत्याला शेजाऱ्यांकडे सोडताना सगळे म्हणाले, "रडतोस काय? तिकडे संत्री मिळतील!"

मिळाली. भरपूर मिळाली.