उपकरणाद्वारे पुरुष सुंता आणि एचआयव्ही प्रतिबंध : एका खर्चविश्लेषणाची चिकित्सा

प्रास्ताविक :
कोणत्याही सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमाची वैद्यकीय उपयुक्तता सिद्ध होणे पुरेसे नसते. तो राबविणाऱ्या राष्ट्राला तो परवडणेही आवश्यक असते. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील पुरुष सुंता कार्यक्रम हे याचे बोलके उदाहरण होय. येथे सुंता हा शब्द धार्मिक विधी या अर्थाने नव्हे, तर एचआयव्ही प्रतिबंधासाठी स्वेच्छेने करून घेतलेली वैद्यकीय क्रिया या अर्थाने योजला आहे. या कार्यक्रमात शस्त्रक्रियेच्या जोडीला उपकरणाचा अवलंब केल्यास खर्चावर काय परिणाम होतो, याचे झिम्बाब्वेतील माहितीवर आधारित विश्लेषण २०१४ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
सुंता आणि एचआयव्ही यांच्या संबंधाकडे लक्ष वेधणाऱ्या संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यातील लैंगिक रोग चिकित्सालयांत आलेल्या २,२९८ पुरुषांचा अभ्यास २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला होता. तथापि निर्णायक पुरावा मिळाला तो दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांतून. स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या संसर्गाचा धोका सुंतेमुळे सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, असे त्यांतून दिसून आले. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाची शिफारस केली. २०११ च्या एका अंदाजानुसार पाच वर्षांत सुमारे २ कोटी सुंता करावयाच्या होत्या आणि त्यासाठी दीड अब्ज डॉलर लागणार होते. शल्यचिकित्सकांची उणीव असलेल्या या देशांना उपकरणाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. 'प्रीपेक्स' या उपकरणाला मे २०१३ मध्ये संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. त्यातील लवचिक कड्याने त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो व सात दिवसांनी मृत त्वचेसह उपकरण काढले जाते. त्यासाठी भुलीचे इंजेक्शन लागत नाही, टाकेही घालावे लागत नाहीत.

विवेचन :
उपरोक्त विश्लेषणात दोन केंद्रांची तुलना आहे. केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात प्रत्येक सुंतेचा खर्च ५६ डॉलर, तर उपकरणाची जोड दिलेल्या केंद्रात तो ६१ डॉलर आढळला. अभ्यासकांनी हे खर्च सारखेच मानले आहेत. वस्तुतः हा फरक सुमारे नऊ टक्क्यांचा आहे. २ कोटी सुंतांच्या प्रमाणावर तो १० कोटी डॉलर होतो. दुसरे केंद्र संशोधनासाठी चालविले जात असल्यामुळे तेथील खर्च नेहमीपेक्षा वेगळा असू शकतो, हे मान्य केले तरी प्रत्येकी एका केंद्रावरून देशव्यापी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

या विश्लेषणाचे खरे मोल त्यातील काल्पनिक स्थितींच्या गणितात आहे. उपकरणाचे प्रमाण किंवा किंमत वाढली की प्रत्येक सुंतेचा खर्च वाढतो. परंतु सर्वाधिक वाढ होते ती केंद्राकडे येणाऱ्यांची संख्या घटल्यास. अर्थात खर्चाचा प्रश्न साधनापेक्षा मागणीशी अधिक निगडित आहे. शिवाय ज्यांना उपकरण बसविता येत नाही अथवा ज्यांचे उपकरण मध्येच निसटते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची सोय कायम ठेवावीच लागते. त्यामुळे उपकरण हे शस्त्रक्रियेचा पर्याय न ठरता तिच्यावरील जादा थर ठरते.

दुसरी मर्यादा हिशेबाच्या कक्षेची आहे. हा हिशेब केंद्राच्या वहीतला आहे, रुग्णाच्या खिशातला नाही. शस्त्रक्रियेनंतरही तपासणीसाठी यावे लागते, हे खरे. परंतु उपकरण काढण्यासाठी येणे टाळताच येत नाही. हा प्रवास आणि बुडालेली मजुरी यांची नोंद अशा हिशेबात होत नाही.

तिसरा मुद्दा विश्लेषणानंतरच्या घडामोडींचा आहे. सुंतेनंतर धनुर्वात झाल्याच्या घटना उघडकीस आल्या आणि प्रीपेक्ससारख्या उपकरणात हा धोका अधिक असल्याचे लक्षात आले. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा उपकरणापूर्वी धनुर्वात प्रतिबंधक लसीच्या दोन मात्रा सुचविल्या. दोहोंत किमान चार आठवड्यांचे अंतर असावे व दुसरी मात्रा उपकरणापूर्वी किमान दोन आठवडे दिलेली असावी, असा हा दंडक होता. जे साधन झटपट म्हणून स्वीकारले गेले, त्यासाठी सहा आठवड्यांची पूर्वतयारी व दोन जादा फेऱ्या आवश्यक झाल्या. २०१४ च्या आकड्यांत याला स्थान असणे शक्यच नव्हते; परंतु पुढे त्या आकड्यांचा आधार घेणाऱ्यांनी हा बदल विसरता कामा नये.

समारोप :
२००८ ते २०१९ या काळात या देशांत सुमारे २ कोटी ७० लाख सुंता झाल्या. त्यांतील बहुतांश शस्त्रक्रियेनेच झाल्या, ही बाब पुरेशी सूचक आहे. याचा अर्थ उपकरणे निरुपयोगी आहेत असा नव्हे. चाकूच्या भीतीने दूर राहणारा पुरुष उपकरणामुळे पुढे येत असेल, तर पाच डॉलर अधिक मोजणेही योग्यच ठरेल. मात्र तसे घडते काय, हे आधी तपासले पाहिजे. हा कार्यक्रम मुख्यतः अमेरिकेच्या निधीवर उभा राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या देशाने परकीय मदत स्थगित केली. अशा प्रसंगी तुटीचा भार शेवटी गरीब देशांच्या आरोग्य खात्यांवर येतो. म्हणून 'एका सुंतेला किती खर्च?' या प्रश्नाऐवजी 'टळलेल्या एका संसर्गासाठी कोणी, किती मोजले?' हा प्रश्न खर्चविश्लेषणाच्या केंद्रस्थानी यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.