विषाणूचे अस्तित्व आणि रोगाचे कारण : सातारा–सांगलीतील कुक्कुटरोगनिदानाच्या निमित्ताने

कोंबडीच्या विष्ठेत विषाणू सापडणे ही एक गोष्ट आणि त्या विषाणूमुळे कोंबडी आजारी पडणे ही दुसरी. या दोन विधानांमधील अंतर पुराव्यानेच ओलांडावे लागते. परंतु आंत्रविषाणूंच्या निदानात हा पुरावा पुष्कळदा गृहीत धरला जातो. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रवृत्तीची चिकित्सा करणे अगत्याचे आहे. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे अभ्यासाचे केंद्र या भागात आहे, आणि पाऊस बेभरवशाचा असलेल्या माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांत जोडधंद्याचे मोल निराळे सांगावयास नको.

रोगाचे बाह्य रूप पालकांच्या परिचयाचे आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्ले पातळ हगतात, शेडमधील तूस ओले होते, पिसे नीट फुटत नाहीत, आणि एकाच दिवशी आलेल्या पिल्लांत काही वाढतात तर काही खुरटतात. अशा पिल्लांच्या आतड्यात ॲस्ट्रो, रोटा, रिओ, पार्व्हो व ॲडिनो या विषाणूंपैकी एक वा अनेक आढळतात. मात्र निरोगी दिसणाऱ्या कळपांतही यांतील काही विषाणू सापडतात, हे अमेरिकेतील पाहण्यांनी दाखवून दिले आहे. शिवाय कॉक्सिडिया, क्लॉस्ट्रिडियम जंतू किंवा मक्यातील बुरशीचे विष यांमुळेही वाढ खुंटते. केवळ रोगी पिल्लांचे नमुने तपासून काढलेला निष्कर्ष म्हणूनच एकांगी ठरतो.

या बाबतीत गंबोरो रोगाचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील या रोगाचे वर्णन कॉसग्रोव्ह यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. मूत्रपिंडातील विकृती ठळक असल्यामुळे लक्ष तिकडेच वेधले गेले. त्याच वर्षी विंटरफील्ड व हिचनर यांनी रोगी कोंबड्यांच्या मूत्रपिंडांतून एक विषाणू वेगळा केला आणि रोगाचा संबंध त्याच्याशी जोडला गेला. पुढे असे आढळले की, त्या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या कोंबड्यांनाही गंबोरो होतोच. खरा कारक निराळा होता आणि त्याचे मुख्य लक्ष्य बर्सा हा अवयव होता. विषाणू सापडला होता, हे खरे. त्यावरून काढलेले अनुमान मात्र चुकले होते.

तपासणीच्या साधनांचेही असेच आहे. रोटाविषाणूच्या जनुकद्रव्याचे ११ तुकडे असतात, रिओविषाणूचे १०. जेलमधून विद्युत्प्रवाहाने ते वेगळे केले म्हणजे पट्ट्यांच्या मांडणीवरून विषाणू ओळखता येतो. या जुन्या पद्धतीस विषाणू विपुल लागतात, म्हणून ती कमी संवेदनशील समजली जाते. पीसीआर पद्धतीस अत्यल्प जनुकद्रव्यही पुरते. प्रयोगशाळेत सहजासहजी न वाढणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत तिचे उपकार मोठे आहेत, यात शंका नाही. परंतु जेलवर पट्ट्या दिसल्या तर पक्षी विषाणू मोठ्या प्रमाणात टाकीत आहे एवढे तरी निश्चित होते. केवळ ‘होय’ वा ‘नाही’ सांगणाऱ्या पीसीआरमधून तेही कळत नाही. उलट, विष्ठेतील पित्तक्षारांसारख्या द्रव्यांनी अभिक्रिया अडली, किंवा परदेशी वाणांवरून रचलेले प्रायमर स्थानिक वाणाशी जुळले नाहीत, तर ‘नाही’ हे उत्तरही फसवे असू शकते.

नमुने एकत्र करण्याच्या प्रथेबद्दल अधिक सावधगिरी हवी. समजा, १०० पक्ष्यांचे नमुने पाच-पाच एकत्र करून २० चाचण्या केल्या आणि त्यांपैकी १० होकारार्थी आल्या. यावरून ५० टक्के पक्षी बाधित आहेत असे म्हणता येणार नाही. चाचणी अचूक धरली तरी बाधितांची संख्या १० ते ५० यांमध्ये कोठेही असू शकेल. प्रत्येक पक्ष्यास स्वतंत्रपणे बाधा होते असे मानल्यास प्रमाण सुमारे १३ टक्के निघते. पण एकाच तुसावर वावरणाऱ्या पक्ष्यांना हे गृहीतक लागू पडत नाही.

या प्रश्नाला व्यवहाराची बाजूही आहे. करार पद्धतीत पिल्ले व खाद्य कंपनीचे असते. शेड व श्रम शेतकऱ्याचे असतात. संगोपनाचा मोबदला वजनावर आणि खाद्याच्या उपयोगावर ठरत असल्यामुळे, पिल्लू बाधा घेऊनच आले की शेडमध्ये बाधित झाले, हा प्रश्न पैशाचा होतो. रिओ, ॲस्ट्रो व ॲडिनो हे विषाणू अंड्यावाटे पिल्लात उतरू शकतात. आवरणविरहित असल्यामुळे ते शेडमध्येही दीर्घकाळ टिकतात. तिसऱ्या आठवड्यात घेतलेला नमुना या दोन मार्गांत निवाडा करू शकत नाही. त्यासाठी पिल्ले येण्यापूर्वी रिकाम्या शेडचा, पिल्ले उतरताच पहिल्या दिवशीचा आणि शक्य तेथे प्रजनक कळपाचा नमुना हवा, व सापडलेल्या विषाणूंच्या जनुकक्रमांची तुलना हवी.

सारांश, या दोन जिल्ह्यांत कोणते विषाणू वावरतात याची यादी उपयुक्त आहे. पण ती अभ्यासाची पहिली पायरी होय. त्याच वयाच्या निरोगी कळपांशी तुलना, विषाणूच्या प्रमाणाचे मापन, आतड्याच्या पेशीरचनेतील विकृतीशी मेळ आणि शक्य असेल तेथे निरोगी पिल्लांत रोगाची पुनर्निर्मिती, इतके झाल्यावरच ‘कारण’ हा शब्द वापरण्याचा अधिकार प्राप्त होतो. तोपर्यंत प्रबंधात ‘आढळला’ एवढेच लिहावे. ज्याच्या शेडमधून नमुना आणला त्या शेतकऱ्यावर ठपका ठेवण्यास किंवा त्याला दोषमुक्त करण्यास तेवढा शब्द पुरेसा नाही, हेही त्याबरोबर नमूद व्हावे.