कूटकथा आणि दुसरे वाचन

रत्नागिरीत १८२८ पासून नगर वाचनालय आहे. अशा जुन्या वाचनपरंपरेच्या गावीही रहस्यकादंबरी ही एकदा वाचून परत करावयाची वस्तू समजली जाते. उकल कळल्यावर उरते काय, हा वाचकाचा आक्षेप बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांना बव्हंशी लागू पडतो. कारण त्यांतील उत्कंठा ‘पुढे काय होणार’ या प्रश्नावर उभी असते. कूटप्रधान कादंबरीचा प्रश्न मात्र ‘काय घडून गेले’ हा असतो, आणि त्याचे उत्तर आधीच्या पानांतच विखुरलेले असावे लागते. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, हे बंधन रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली घातले ते याचसाठी. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) या कादंबरीतील निवेदकाची साधी वाक्ये दुसऱ्या वाचनात निराळाच अर्थ प्रकट करतात. पात्रे सोंगट्यांसारखी हलविली जातात, हे या प्रकाराचे वैगुण्य नाकारता येत नाही. तथापि उकलीचा धक्का ही त्याची खरी कसोटी नव्हे. शेवटच्या पानावरून मागे वळणाऱ्या वाचकाला दुवे जागच्या जागी सापडले, तर लेखक प्रामाणिक. न सापडल्यास ती केवळ फसवणूक होय.