पडद्यावरचा अँथनी आणि मंडपेश्वरची वाट

रोम शहरात सांता मारिया इन कोस्मेदिन नावाचे एक प्राचीन ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या ओसरीत भिंतीला टेकवून उभा केलेला एक मोठा दगडी मुखवटा आहे. खोटे बोलणाऱ्याचा हात तो चावतो, अशी दंतकथा. १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’ या चित्रपटात नायक त्याच्या तोंडात हात घालून नायिकेला घाबरवतो आणि तेव्हापासून त्या ओसरीत जगभरच्या प्रवाशांची रांग लागते. आम्ही रोमला गेलो तेव्हा ती रांग पाहिली होती. बहुतेक जण मुखवट्याच्या तोंडात हात घालत, छायाचित्र काढून घेत आणि आल्या पावली परत फिरत. मंदिराचे दार उघडेच होते, पण आत फार थोडे जण गेले.

या रांगेची आठवण होण्याचे कारण आमच्या धर्मग्रामातला एक तरुण. नोकरीतून रजा मिळाली की पाठीवर पिशवी टाकून तो चित्रपटांतल्या जागा शोधायला निघतो. ‘दिल चाहता है’ साठी त्याने गोव्याचा शापोरा किल्ला चढून पाहिला. कधी मनाजोगते सापडते, कधी हात हलवत परत यावे लागते. पुनरुत्थान सणानंतरच्या आठवड्यात तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “फादर, या वेळी लांब जायचे नाही. बोरिवलीला जाऊ. अमर, अकबर, अँथनी जिथे हरवले, ती जागा बघायची आहे.” वसईला शाळकरी वयात पाहिलेला तो चित्रपट आम्हालाही पाठ होता. आम्ही निघालो.

मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ १९७७ साली प्रदर्शित झाला. पंधरा ऑगस्टच्या दिवशी एक बाप आपली तीन मुले बोरिवलीच्या उद्यानात गांधीजींच्या पुतळ्यापाशी सोडून जातो, तिथून कथा सुरू होते. एक मुलगा हिंदू पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो, दुसरा मुसलमान शिंप्याच्या घरी, आणि तिसरा चर्चच्या पायरीवर झोपी जातो, त्याला पाद्री सांभाळतो. आज त्या उद्यानाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. आम्ही गांधी टेकडी चढलो. जवळजवळ पन्नास वर्षांनंतर पडद्यावरची चौकट जशीच्या तशी सापडणार नव्हतीच. आमच्या सोबत्याचा मात्र हिरमोड झाला. पायरीवर बसून तो म्हणाला, “इथे तर काहीच नाही.” खाली उतरताना आमचे जे बोलणे झाले, त्यातून हे टिपण जन्मले आहे.

प्रथम चित्रपटाचे श्रेय त्याला द्यायला हवे. पायरीवर सापडलेल्या पोराला पाद्री कसलीही चौकशी न करता पदराखाली घेतो. या दृश्यातले ममत्व खरे आहे, कारण अशी मुले वाढवणारे धर्मगुरू आणि भगिनी आपण पाहिल्या आहेत. मोठा झालेला अँथनी दारूचा गुत्ता चालवतो, पण प्रभूला आपला भागीदार मानतो आणि कमाईतला अर्धा वाटा त्याच्या नावाने काढून ठेवतो. ईशज्ञानाच्या परीक्षेत तो नापास होईल. परंतु देवाशी इतक्या मोकळेपणाने बोलणारा, त्याच्यावर रुसणारा हा माणूस स्तोत्रकर्त्यांच्या फार दूरचा नाही. आमच्या लोकांनी त्याच्यावर जीव लावला तो उगीच नव्हे.

तरीही एक गोष्ट सलते. या चित्रपटातला ख्रिस्ती नायक जन्माने ख्रिस्ती नाहीच. जन्माने ख्रिस्ती आहेत ते सोन्याचा चोरटा व्यापार करणारा रॉबर्ट, त्याची कन्या जेनी आणि खुनाला बळी पडणारा पाद्री. अकबराचेही तसेच. तिघे भाऊ ठरतात ते मुळात एकाच घरातले म्हणून. हा बंधुभाव दिग्दर्शकाने मोठ्या मनाने दिला आहे, याविषयी आम्हाला शंका नाही. पण शेजारी शेजाऱ्यासारखा राहून भाऊ होऊ शकत नाही का? त्यासाठी आधी तो हरवलेला पोरच असावा लागतो का? शिवाय या अँथनीला ना आजी, ना वाडी, ना शेत, ना होडी. घरात बोलायची भाषाही त्याला नाही. पडद्यावरचा कॅथलिक असा दोन्ही अर्थांनी अनाथ आहे.

त्याचे नाव मात्र अनाथ नाही. ईस्टरच्या मेजवानीत अँथनी एका प्रचंड अंड्यातून बाहेर येतो आणि आपले पूर्ण नाव गाऊन सांगतो. ते अंडे म्हणजे रिकाम्या कबरेची खूण. पडद्यावर तिची गंमत झाली. अँथनी गोन्साल्विस नावाचे गृहस्थ खरोखरच होऊन गेले, हे त्या गाण्यावर नाचणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे? ते गोव्यातल्या माजोर्ड्याचे. त्यांचा जन्म १९२७ सालचा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते व्हायोलिन वाजवीत आणि वाद्यरचना करीत. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि आपल्या गुरूचे नाव त्यांनी या गाण्यातून कृतज्ञतेने अमर केले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड असे कितीतरी कॅथलिक वादक त्या पडद्यामागे होते. पडद्यावर आमचा माणूस दारू विकत होता. त्याच वेळी पडद्यामागे आमचीच माणसे स्वरलेखनाचे कागद भरीत होती. आमच्या सोबत्याला हे नवे होते. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मग फिरायचे तर माजोर्ड्याला जायला हवे.”

सगळ्याच चित्रपटांनी आमच्याकडे पाठ फिरवली असे नाही. बासू चतर्जी यांच्या ‘बातों बातों में’ (१९७९) मध्ये वांद्र्याचे कॅथलिक घर आहे, मुलीच्या लग्नाची काळजी करणारी आई आहे आणि लोकल गाडीत जमणारे प्रेम आहे. सईद मिर्झा यांचा अल्बर्ट पिंटो (१९८०) हा गॅरेजमधला कारागीर. संपकऱ्यांवर चिडणाऱ्या अल्बर्टला गिरणीत काम करणाऱ्या बापाच्या अनुभवातून आपला राग कोणावर असायला हवा हे कळते. ही माणसे घरातली आहेत, कष्टाची आहेत. परंतु मरोळ, चकाला, गोराई, मनोरी येथल्या गावठाणांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीची एक बोली बोलणारा, त्याच बोलीत लग्नाची गाणी म्हणणारा कॅथलिक त्यांतही भेटत नाही.

उद्यानातून बाहेर पडल्यावर आम्ही त्या तरुणाला रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला मंडपेश्वरला नेले. तिथे कोणत्याही गाजलेल्या दृश्याची खूण शोधायची नव्हती. ही शैव लेणी सुमारे सहाव्या ते आठव्या शतकातली. आत नृत्यमग्न शिवाचे शिल्प अजून ओळखू येते. सोळाव्या शतकाच्या मध्यात आंतोनिओ दो पोर्तो या फ्रान्सिस्कन संन्याशाने इथे ख्रिस्तमंदिर केले आणि वरच्या खडकावर मठ उभा राहिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, पुढे मठाचे अवशेष झाले आणि आज हे सारे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला दिसतो. तो कोरी शिळा पाहून कोरलेला नाही. आधीचे शिल्प तासून त्या जागी तो कोरला आहे.

आमचा सोबती त्या क्रूसासमोर बराच वेळ उभा राहिला. “फादर, हे आपण केले?” त्याने विचारले. आम्ही “हो” म्हणालो. क्रूस पाहून गुडघे टेकण्याची सवय असलेल्या आम्हालाही तिथे मान खाली घालावी लागली. चित्रपटात तीन भावांचे रक्त एकाच वेळी आईच्या अंगात जाते आणि सगळे हिशेब मिटतात. मंडपेश्वरात हिशेब भिंतीवर लिहिलेला आहे आणि तो वाचूनच आपल्याला शेजाऱ्याच्या घरी जायचे आहे. चित्रपटाने दिलेला बंधुभाव गोड आहे. त्याने इतिहास वगळला म्हणून तो सोपा झाला, असे आमचे मत बनले आहे.

पण पडद्याला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. दिग्दर्शकाला आमची भाषा ऐकू आली नाही, याचे एक कारण आम्हीच ती हळू बोलू लागलो होतो. वसईहून सेमिनरीत आलो तेव्हा तोंडातून घरचा शब्द निसटला की आम्हालाच लाज वाटे. पुढे धर्मगुरू झाल्यावर कितीतरी घरांत आम्ही पाहिले की आजी बोलीत प्रश्न विचारते आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो. त्या आजीची गाणी टिपून ठेवावीत, असे आम्हाला त्या वेळी सुचले नाही. त्यांतल्या काही आज्यांचे अंत्यविधी पुढे आम्हीच केले.

पडद्यावरच्या अँथनीला शेवटी त्याची आई सापडते. आमच्या तरुणाने आता आपल्या भटकंतीच्या वहीत एक पान वेगळे काढले आहे. त्यावर पहिले नाव त्याच्या स्वतःच्या आजीचे आहे. ती गोराईची. पुढच्या रविवारी तो खाडी ओलांडून तिच्याकडे जाणार आहे. वाचकहो, तुमच्या घरात अशी आजी असेल तर तिच्यापाशी जाऊन बसायला उशीर करू नका.