पदक आणि पदवीनंतरचे वर्ष : महाराष्ट्रातील कलापुरस्कारांचे एक परीक्षण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कलापुरस्कारांविषयी जे लेखन उपलब्ध आहे, ते बहुतांशी पुरस्कारप्राप्त कलावंतांच्या गौरवाचे आहे. पुरस्कार कोणास मिळाला याची नोंद होते; त्या पुरस्काराने कलावंताच्या पुढील वाटचालीत नेमके काय केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. 'पुरस्कार' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'पुढे करणे' असा आहे. कलामहाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला तरुण चित्रकार वा शिल्पकार या अर्थाने खरोखर पुढे केला जातो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचन दृश्यकलेपुरते मर्यादित असून ते मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी बसून केलेले आहे, ही गोष्ट आरंभीच नमूद करणे इष्ट ठरेल. मुंबईत बसून हाच प्रश्न काहीसा वेगळा दिसण्याचा संभव आहे.

पदक आणि आश्रय

बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ मध्ये झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनातील पदके ही पुढील अर्धशतक पश्चिम भारतातील कलावंताच्या प्रतिष्ठेची प्रमुख खूण होती. गणपतराव म्हात्रे यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना घडविलेल्या 'मंदिरपथगामिनी' या शिल्पास १८९६ मध्ये सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. विद्यार्थिदशेतील कलाकृतीला लाभलेल्या कीर्तीचे आपल्याकडील हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण होय. रवींद्रनाथ ठाकुरांनी या शिल्पावर बंगालीत लिहिले, यावरून त्या कीर्तीचा विस्तार ध्यानात यावा.

तथापि म्हात्रे यांचा व्यवसाय उभा राहिला तो पदकावर नव्हे. संस्थानिक, नगरपालिका आणि धनिक यांच्याकडून येणाऱ्या पुतळ्यांच्या मागणीवर तो उभा राहिला. अहमदाबाद येथील व्हिक्टोरिया राणीचा पुतळा त्यांचाच. पदकाने त्यांची ओळख करून दिली. उपजीविका दिली ती आश्रयदात्यांनी. आश्रयदात्यांना हवी असलेली शिल्पे कोणती होती हेही उघड आहे. 'मंदिरपथगामिनी'ची उंची त्यांच्या उत्तरकालीन शिल्पांस क्वचितच लाभली, हे मत अनेकांनी व्यक्त केले आहे. प्रस्तुत लेखकास ते ग्राह्य वाटते. परंतु त्याचा दोष कलावंताच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पदक देणाऱ्या संस्थेने एका शिल्पाचा गौरव केला, पुढचे शिल्प काय असावे हे मात्र पैसे देणाऱ्यांवर सोपविले.

विनायकराव करमरकर यांची कथा याहून निराळी आहे. अलिबागजवळच्या सासवने गावातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी त्याच्या जे. जे. मधील शिक्षणाची तरतूद केली. पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला, त्याच्या मुळाशी ही मदत आहे. येथे परीक्षक मंडळ नव्हते, पदकही नव्हते. एका अधिकाऱ्याची नजर आणि काही वर्षांचा खर्च एवढेच होते. अर्थात अशी नजर दैवयोगाने लाभते आणि दैवयोगावर कोणतीही व्यवस्था उभारता येत नाही. पुरस्काराची आवश्यकता नेमकी येथे निर्माण होते.

अजिंठ्याचे उदाहरण

नवोदितांना व्यवसायात स्थिर करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास लिहिताना पुरस्कारांकडेच पाहिले, तर एक महत्त्वाचे प्रकरण निसटते, आणि ते आपल्याच भूमीतील आहे. जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यातील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शासकीय खर्चाने हंगामामागून हंगाम तेथे राहून काम करणाऱ्या या तरुणांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे व्यावसायिक चित्रकार म्हणून नावारूपास आले. या प्रतिकृतींपैकी बऱ्याच लंडनमध्ये १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या उपक्रमामागे वसाहतकालीन शासनाचे हेतू होते आणि प्रतिकृती म्हणजे स्वतंत्र निर्मिती नव्हे, हे दोन्ही आक्षेप मान्यच आहेत. परंतु शिक्षण आणि व्यवसाय यांच्या दरम्यानच्या काळात त्या तरुणांना काय मिळाले, हे पाहावे : सलग काम, राहण्याची सोय, जाणत्या माणसाची देखरेख आणि समोर असामान्य दर्जाची चित्रे. आजच्या कोणत्याही पदकाने या चार गोष्टी एकत्रितपणे दिल्याचे उदाहरण दाखविणे कठीण आहे.

फ्रान्समधील 'प्री द रोम' या पुरस्काराची मूळ कल्पना हीच होती. १६६३ मध्ये सुरू होऊन १९६८ मध्ये बंद झालेल्या या पुरस्काराचा विजेता शासनाच्या खर्चाने काही वर्षे रोमला राहून काम करीत असे. १९२० च्या दशकात जे. जे. चे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन आणि समीक्षक कन्हैयालाल वकील यांनी त्या धर्तीवर 'प्राइझ ऑफ दिल्ली' या योजनेचा आग्रह धरला. ती योजना प्रत्यक्षात आली नाही. मुंबईच्या कलावंतांना नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती तेवढ्या रंगविण्यास मिळाल्या. विजेत्यास 'काळ' देणारा पुरस्कार आपल्याकडे येता येता राहिला आणि विजेत्यास धातूचा तुकडा देणारा पुरस्कार रुजला, असे काहीशा कठोरपणे म्हणता येईल.

निर्णयामागील कारण

अमृता शेरगिल यांना १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक 'तीन मुली' या चित्रासाठी मिळाले, हे सर्वांस ठाऊक असते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३५ मध्ये, सिमल्याच्या कलासंस्थेने त्यांची काही चित्रे नाकारून स्वीकारलेल्यांपैकी एकास पारितोषिक दिले, तेव्हा त्यांनी ते नाकारले, याची चर्चा तुलनेने कमी होते. नाकारलेली चित्रे आपली अधिक चांगली चित्रे होती, ही त्यांची भूमिका. तिच्यामागे केवळ मानी स्वभाव पाहणे अपुरे आहे. निवड आणि नकार यांमागील कारण कलावंतास कळले पाहिजे, ही मागणी त्यात अनुस्यूत आहे.

शेरगिल यांच्यापाशी पॅरिसचे शिक्षण होते आणि नकार पचविण्याजोगा आत्मविश्वास होता. पदवी घेऊन वर्षही न झालेल्या मुलामुलींचे तसे नसते. निवड न झालेले चित्र परत येते ते बहुधा पाठीमागे डकवलेल्या चिठ्ठीसह, अभिप्रायाविना. आपण प्राध्यापक मंडळी संशोधनपत्रिकेस लेख पाठवितो, तेव्हा परीक्षकाच्या दोन ओळी तरी हाती येतात. त्यांवर आपण रागावतो, पण लेख सुधारतोही. चित्रास ते भाग्य नाही.

दोन विभागांमधील फट

महाराष्ट्र शासनाचे कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा एक विभाग असतो आणि व्यावसायिक कलावंतांचा दुसरा. ही विभागणी तर्कशुद्ध दिसते. परंतु ज्याचा शेवटचा निकाल नुकताच लागला, तो पहिल्या विभागातून बाहेर पडतो आणि दुसऱ्यात वीस-वीस वर्षे काम केलेल्यांच्या रांगेत उभा राहतो. या दोहोंच्या मधल्या फटीत तो तीन-चार वर्षे असतो आणि बहुसंख्य विद्यार्थी कला सोडतात ते याच फटीत. जहांगीर कलादालन (१९५२) आपल्या मान्सून शोमध्ये नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांना स्थान देते. तो या फटीवरचा एक छोटा पूल आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र भिंत मिळणे ही एका आठवड्याची गोष्ट आहे.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यासाठी त्या भिंतीपर्यंत पोचणे हाच एक खर्च असतो. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात असल्याने मुंबई इलाख्याच्या कलाशिक्षणाच्या रचनेबाहेर राहिला. आजही शासकीय कलामहाविद्यालय गाठावयाचे तर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. लातूर रोड जंक्शन चाकूर तालुक्यातच आहे. तेथून चार फुटी कॅनव्हास रेल्वेच्या डब्यात कसा चढवावा, हा प्रश्न कोणत्याही प्रवेशिकेत विचारलेला नसतो. चौकट, बांधणी, वाहतूक, मुंबईतील दोन रात्री आणि निवड न झाल्यास हाच प्रवास उलट दिशेने. त्यातच ज्या जिल्ह्याने यशाचे मोजमाप टक्क्यांत करण्याचा 'लातूर पॅटर्न' राज्याला दिला, तेथे घरातील मुलगी चित्रकलेकडे जाते तेव्हा तिला पहिल्याच वर्षी काहीतरी सिद्ध करून दाखवावे लागते. एखादे पदक अशा वेळी घरच्यांना गप्प बसविते. पदकाचा हा उपयोग खरा आहे, आणि कलासमीक्षेत त्याची नोंद नसली तरी येथे ती केली पाहिजे.

पूर्वी या मधल्या वर्षांत पाट्या रंगविणे हा एक आधार होता. मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत दिवस काढले. १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राची दखल घेतली गेली, तोवर त्यांचा हात फलकांवरच तयार झाला होता. फ्लेक्सची छपाई आल्यावर तालुक्याच्या गावातील पेंटरचे दुकान बंद झाले आणि नवोदिताची ही न मागता मिळणारी शिष्यवृत्तीही संपली. उरते ते गणपतीच्या हंगामातील काम आणि चित्रकला शिक्षकाच्या जागेची प्रतीक्षा.

रक्कम आणि कालावधी

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती या दृष्टीने अधिक विचारपूर्वक आखलेली वाटते. १८ ते २५ वयोगटातील, विविध कलाप्रकारांतील ४०० उमेदवारांना दरमहा ५००० रुपये दोन वर्षे, असे तिचे स्वरूप. दोन वर्षांची बेरीज १,२०,००० रुपये होते. एकरकमी पारितोषिक म्हणून ही रक्कम डोळ्यांत भरली असती आणि कदाचित एका उन्हाळ्यात संपलीही असती. महिन्यामहिन्याने हिशेब केल्यास ती रंग, कॅनव्हास आणि लहान गावातील खोलीचे भाडे भागविते. मुंबईत ती खोलीलाही पुरणार नाही. अर्थात हा युक्तिवाद शिष्यवृत्तीच्या रकमेपेक्षा विद्यार्थ्याने आपल्याच भागात राहून काम करण्याच्या बाजूने जातो. तिची अडचण अशी की, ती पुढील 'प्रशिक्षणा'साठी आहे, व्यवसायाच्या आरंभासाठी नाही. शिकलेल्याला पुन्हा शिकावयास पाठविणे शासनाला सोपे जाते.

म्हणून जिल्हा पातळीवर एखादा कलापुरस्कार योजावयाचा असेल, तर त्यात सत्कारसमारंभ अखेरीस यावा. आरंभी बारा महिन्यांसाठी एक खोली, सामग्रीचा खर्च, दोन वेळा येऊन काम पाहून लेखी अभिप्राय देणारा एक अनुभवी कलावंत आणि वर्षअखेरीस मुंबई किंवा हैदराबादपर्यंत चित्रे नेण्याआणण्याचा खर्च असावा. हैदराबादचा उल्लेख मुद्दाम केला आहे. लातूर रोडहून विकाराबादमार्गे ते अधिक जवळ पडते. निवड तयार चित्रावरून न करता वर्षभराच्या कामाच्या आराखड्यावरून व्हावी. खोलीचा प्रश्न तर महाविद्यालये सहज सोडवू शकतात, कारण जवळपास प्रत्येक महाविद्यालयात दुपारनंतर रिकामा पडणारा एक वर्ग असतो. प्रस्तुत लेखकाने हा विचार काही सहकाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा त्यांनी तो मनापासून उचलून धरला आणि एकच शंका काढली : माजी विद्यार्थ्यास चित्रे काढण्यासाठी दिलेल्या वर्गाचे वीजबिल कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावयाचे?