दस्तऐवजांची शार्डवार वाटणी आणि शब्दाचे मोल

विशाल ग्रंथसंग्रह एकाच यंत्रावर मावत नाही, म्हणून शोधयंत्रणा त्याचे विभाग करून ते अनेक यंत्रांवर ठेवते. या विभागास शार्ड म्हणतात. कोणता दस्तऐवज कोणत्या शार्डात जावा हा प्रश्न केवळ साठवणीच्या सोयीचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती अपुरी आहे. शोधाच्या उत्तरांचा क्रम ज्यावर ठरतो ते शब्दाचे मोलही या वाटणीने बदलू शकते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या इलॅस्टिकसर्च या यंत्रणेची पद्धती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. प्रत्येक दस्तऐवजाच्या ओळखक्रमांकापासून मर्मर-३ या हॅश-सूत्राने एक संख्या काढली जाते. त्या संख्येस शार्डसंख्येने भागून उरणारी बाकी, हे या पद्धतीचे मूळ रूप. त्यामुळे वाटणी जवळजवळ यादृच्छिक व समतोल होते. मात्र शार्डसंख्या आरंभीच निश्चित करावी लागते. साध्या बाकीच्या पद्धतीत पाचांचे सहा शार्ड केले, तर दर सहा दस्तऐवजांपैकी सुमारे पाचांचे स्थान बदलेल.

ओळखक्रमांकाऐवजी जिल्हा, ग्राहक यांसारखे राउटिंग-मूल्य योजण्याची मुभाही या यंत्रणेत आहे. तिचा लाभ खरा आहे. समान मूल्याचे दस्तऐवज एकत्र राहतात, आणि तेच मूल्य देऊन शोध घेतल्यास एकच शार्ड धुंडाळावा लागतो. या पद्धतीने शार्डांवरील भार विषम होतो, हा आक्षेप परिचित आहे. त्याहून महत्त्वाचा आक्षेप अर्थनिर्णयाच्या क्षेत्रातील आहे.

जो शब्द पुष्कळ दस्तऐवजांत आढळतो, तो दस्तऐवजांमधील भेद दाखविण्यास कमी उपयोगी पडतो. केरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली ‘जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन’मध्ये मांडलेले हे तत्त्व आजही क्रमनिर्णयाच्या मुळाशी आहे. परंतु इलॅस्टिकसर्चमधील प्रत्येक शार्ड हा स्वयंपूर्ण निर्देश असल्याने, विशेष सूचना नसल्यास, शब्दाची विरलता त्या शार्डापुरतीच मोजली जाते.

उदाहरणार्थ, मराठी नियतकालिकांतील २०,००० लेखांचा संग्रह जिल्ह्यानुसार दोन शार्डांत समान वाटला गेला, अशी कल्पना करावी. कोल्हापूर ज्यात पडले त्या शार्डातील ४,००० लेखांत ‘ऊस’ हा शब्द, सर्व विभक्तिरूपे धरून, येतो. गडचिरोली ज्यात पडले त्यातील केवळ ४० लेखांत येतो. बीएम२५ या रूढ सूत्रातील विरलतेचे मोल पहिल्या शार्डात सुमारे ०.९२, तर दुसऱ्यात ५.५१ भरते. संपूर्ण संग्रह एकत्र धरला असता ते १.६० आहे. या सूत्रात शब्दाच्या पुनरावृत्तीचा लाभ नेहमीच्या मानांनुसार २.२ पटींपलीकडे जात नाही. म्हणजे पहिल्या शार्डातील उसावरच लिहिलेल्या लेखास जास्तीत जास्त २.०२ गुण मिळतील, आणि दुसऱ्या शार्डातील सरासरी लांबीच्या लेखात उसाचा एकच उल्लेख असला तरी त्यास ५.५१ मिळतील. कोणते जिल्हे एका शार्डात राहावेत हे हॅशची बाकी ठरविते. त्यास भूगोलाचा अथवा बोलीचा आधार नाही.

संग्रह मोठा झाला की हा भेद आपोआप मावळतो, असे समर्थन करण्यात येते. यादृच्छिक वाटणीत ते ग्राह्य आहे, कारण तेथे प्रत्येक शार्ड संपूर्ण संग्रहाचा नमुना असतो. ज्या राउटिंग-मूल्याचा शब्दसंग्रहाशी संबंध आहे, त्याच्या बाबतीत मात्र ते टिकत नाही. संग्रह वाढला तरी विषमता त्याच प्रमाणात कायम राहते. शोधापूर्वी सर्व शार्डांतील शब्दगणना एकत्र करण्याची ‘डीएफएस’ शोधपद्धती उपलब्ध आहे. तिच्यासाठी एक जादा फेरी पडते व ती ऐच्छिक आहे. म्हणून अनभिज्ञ अभ्यासक तिचा अवलंब करण्याचा संभव थोडाच.

वेगासाठी राउटिंग-मूल्य योजणे गैर नव्हे. परंतु उत्तरांच्या क्रमावरून शब्दाच्या प्राधान्याविषयी अनुमान काढणाऱ्या संशोधकाने राउटिंग-मूल्य, शार्डसंख्या आणि शोधपद्धती यांची नोंद निष्कर्षासोबत दिली पाहिजे. तिच्या अभावी, आढळलेला भेद भाषेतील आहे की वाटणीतील, हे वाचकास ठरविता येणार नाही.